जप्त झालेला नार्सिसस

लेखकाने भूमिका घ्यावी की नाही, हा वाद मराठीत अधूनमधून नव्याने पेटतो आणि दर वेळी त्याच दोन खुंट्यांभोवती फिरतो. फडके-खांडेकरांच्या काळात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ असं त्याचं नाव होतं. आता ‘बांधिलकी’ आणि ‘पळपुटेपणा’ हे शब्द जास्त चालतात. अलीकडे अशाच एका चर्चेत मी रादोवान इव्शिच या क्रोएशियन अतिवास्तववादी कवी-नाटककाराचं नाव घेतलं. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना या विशीतल्या मुलाने नार्सिससवर, म्हणजे पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाच्या प्रेमात पडणाऱ्या ग्रीक दंतकथेतल्या तरुणावर, कविता लिहिली, एवढंच मी सांगितलं. समोरच्या मित्राने तिथल्या तिथे निकाल दिला : गावाला आग लागली होती आणि हा पाण्यात स्वतःचं तोंड बघत बसला होता. शेजारी बसलेल्या दुसऱ्याने लगेच इव्शिचची बाजू घेतली : बरोबरच केलं त्याने, कवीचा राजकारणाशी संबंध काय? दोघंही वाचणारे, मनापासून बोलणारे. पण दोघांचंही चुकत होतं, आणि एकाच ठिकाणी चुकत होतं.

साहित्यात राजकारण शिरतं ते विषयाच्या दारातून, हे दोघांनीही न तपासता धरून चाललं होतं. भूक, युद्ध, जुलूम यांवर लिहिलं की लेखक राजकीय. अरण्य, स्वप्न, राजकन्या, आरसा यांवर लिहिलं की तो राजकारणाबाहेरचा. एकाला हे बाहेर असणं पाप वाटतं, दुसऱ्याला पुण्य. माझं म्हणणं असं की हे मोजमापच खोटं आहे. लेखकाचं राजकारण त्याने कशावर लिहिलं यावरून कळत नाही. कशाला नकार दिला, तो नकार किती काळ टिकवला आणि त्याची काय किंमत मोजली यावरून ते कळतं. इव्शिचचं आयुष्य या म्हणण्याची फार कडक परीक्षा घेतं, म्हणून त्याच्याकडे नीट पाहायला हवं.

१९२१ साली झाग्रेबमध्ये जन्मलेला हा मुलगा वीस वर्षांचा होण्याआधीच त्याचा देश बदलला. एप्रिल १९४१मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्या पाठिंब्याने आंते पावेलिचच्या उस्ताशा या फॅसिस्ट संघटनेने ‘स्वतंत्र क्रोएशिया राज्य’ जाहीर केलं. ज्यू, सर्ब आणि रोमा लोकांविरुद्धचे कायदे लगोलग आले, आणि त्याच वर्षी यासेनोवाचची छळछावणी सुरू झाली. १९४२ साली इव्शिचची ‘नार्सिस’ ही कविता पुस्तिकेच्या रूपात छापली गेली. तिच्यात पावेलिच नाही, छावणी नाही, युद्ध नाही. तरी उस्ताशांनी तिला ‘अधःपतित कला’ ठरवलं आणि प्रती जप्त केल्या. ज्या राज्याला रोज माणसं मारायची होती, त्या राज्याने एका ग्रीक दंतकथेवरच्या कवितेसाठी पोलीस का पाठवावेत? मित्राच्या म्हणण्याप्रमाणे कविता जर पळून गेलेल्या माणसाची होती, तर पळून जाणाऱ्याचा पाठलाग करण्याची गरज सत्तेला का वाटली? आणि दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तिचा राजकारणाशी संबंधच नव्हता, तर राजकारण तिच्या दाराशी कसं आलं?

याचं उत्तर मला भाषेच्या बाजूने मिळतं, आणि ते घरातूनच सुरू होतं. रादोवानचे वडील स्त्येपान इव्शिच हे क्रोएशियन भाषाशास्त्रातलं मोठं नाव, बोलीभाषा आणि स्वराघात यांचे अभ्यासक. १९३९ ते १९४३ या काळात ते झाग्रेब विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंसारखे प्रमुख होते. नव्या राज्याने पहिल्या काही महिन्यांतच भाषेला हात घातला. एप्रिल १९४१मध्ये सिरिलिक लिपीवर बंदी आली. मग ‘शुद्ध’ क्रोएशियन भाषेसाठी फर्मान निघालं, आणि शब्द कानाला ऐकू येतो तसा न लिहिता त्याच्या व्युत्पत्तीप्रमाणे लिहायचा, असं नवं शुद्धलेखन लादण्यात आलं. सर्बियन लिखाणापासून आपलं लिखाण वेगळं दिसावं, हा त्यामागचा हेतू. स्त्येपान इव्शिच यांनी या शुद्धलेखनाला विरोध केला. ऱ्हस्व-दीर्घावरून आपल्याकडे होणारी भांडणं आठवून हे किरकोळ वाटेल, पण तसं ते नव्हतं. तोंडातून निघणारा शब्द आणि कागदावर उमटणारा शब्द यांच्यामध्ये राज्य येऊन उभं राहिलं होतं. कोणता शब्द आपला, कोणता परका, कोणता शब्द कुठल्या शब्दाशेजारी बसू शकतो, हे शासकीय हुकमाने ठरणार होतं. ज्या घरात शब्दाच्या आघातावर आयुष्य वेचलं जात होतं, त्या घरातला मुलगा त्याच वेळी शब्दांना त्यांच्या ठरलेल्या नोकरीतून सोडवणारी कविता लिहीत होता.

ज्या सत्तेला एकच राष्ट्र, एकच रक्त, एकच भाषा आणि प्रत्येक वाक्याला एकच अर्थ हवा असतो, तिला उघड विरोध करणारं वाक्य समजतं. ते खोडता येतं, लिहिणाऱ्याला पकडता येतं. पण ज्या वाक्याचा अर्थ कुणाच्याच कामाचा नाही, जे कुणाच्याच घोषणेत बसत नाही आणि तरीही अंगावर काटा आणतं, त्याचं काय करायचं? उस्ताशांनी प्रत्येक प्रतिमेमागे गुप्त संदेश शोधला असेल, असं मला म्हणायचं नाही. या कवितेत आपल्यासाठी जागा नाही, एवढं त्यांना कळलं आणि तेवढं त्यांना पुरलं. मोकळं स्वप्न पाहणारा माणूस पुढेमागे आज्ञा पाळायला निरुपयोगी ठरतो, हे हुकूमशहांना समीक्षकांच्या आधी कळतं.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भारी मुद्दा, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्याच देशात, त्याच भाषेत, त्याच वर्षी दुसरा एक कवी होता : इवान गोरान कोवाचिच. १९४२च्या अखेरीला तो साठी उलटलेल्या व्लादिमिर नाझोर या ज्येष्ठ कवीबरोबर झाग्रेब सोडून कुपा नदीपलीकडे पार्टिझन सैनिकांना, म्हणजे टिटोच्या नेतृत्वाखाली फॅसिस्टांशी लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांना, जाऊन मिळाला. तिथे त्याने ‘यामा’, म्हणजे ‘खड्डा’, ही दहा सर्गांची कविता लिहिली. तिच्यात बोलणारा माणूस उस्ताशांनी डोळे काढलेला आहे, सामूहिक हत्येच्या खड्ड्यात प्रेतांच्या ढिगावर पडलेला आहे. हा तपशील कल्पनेचा नव्हता, असे खड्डे होते. डोंगरात जखमी सैनिकांसमोर या कवितेचं वाचन झालं. जुलै १९४३मध्ये चेत्निकांनी, म्हणजे राजनिष्ठ सर्ब सशस्त्र गटांनी, गोरानला मारलं तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याची कबर कुठे आहे हे आजही कुणाला ठाऊक नाही.

‘यामा’ वाचल्यावर ‘नार्सिस’ची बाजू कोणत्या तोंडाने घ्यायची? इव्शिचच्या कवितेने यासेनोवाचमधला एकही माणूस वाचवला नाही. तो डोंगरात गेला नाही, त्याने बंदूक उचलली नाही. गोरानने कविता आणि जीव दोन्ही एकाच ओंजळीत धरून दिले. मला हे मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. दोघांत धैर्याची तुलना करायची असेल तर गोरान मोठा, यात मला शंका नाही. पण आपला वाद धैर्याच्या तुलनेचा नाही. ‘यामा’ हाच एकमेव मार्ग, आणि जो त्या मार्गाने गेला नाही तो पळपुटा, असं म्हणता येतं का, हा आपला वाद आहे. ‘यामा’ मोठी आहे ती विषय भीषण आहे म्हणून नाही. त्याच विषयावर त्या काळात पोत्याने लिहिलं गेलं आणि त्यातलं बहुतेक विस्मरणात गेलं. एका माणसाच्या देहातून, डोळ्यांच्या रिकाम्या खोबणीतून तिने ते पाहिलं, कुठल्याही पक्षाच्या नजरेतून नाही. गोरानचं मोठेपण त्याच्या नकारात आहे, आणि त्या अर्थी तो इव्शिचचा विरोधक नाही, त्याच्याच कुळातला आहे.

गोरानबरोबर नदी ओलांडणारा नाझोर युद्धानंतर क्रोएशियाच्या संसदेच्या अध्यक्षमंडळाचा प्रमुख झाला. म्हणजे एकाच रात्री, एकाच नदीपलीकडे निघालेल्या दोन कवींपैकी एक निनावी मातीत गेला आणि दुसरा राज्याच्या सर्वोच्च आसनावर बसला. यात नाझोरचा दोष मी काढत नाही. वृद्ध माणसाने थंडीत घर सोडलं, हे खरंच धाडस होतं. पण बांधिलकीची पुढची गोष्ट अशी असते, हे आपण विसरतो. ज्या बाजूला कवी जातो ती बाजू हरली तर तो हुतात्मा होतो. जिंकली तर? मग तीच बांधिलकी सरकारी होते, आणि तिला नकार देणारा नव्याने पळपुटा ठरतो.

फ्रान्समध्ये हे आणखी उघडपणे घडलं. पॉल एल्युआर हा अतिवास्तववादातून कम्युनिस्ट पक्षाकडे गेलेला मोठा कवी. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये त्याच्या स्वातंत्र्याच्या कविता हातोहात फिरल्या. गोरान कोवाचिचवर त्याने श्रद्धांजलीची कविताही लिहिली. १९५०मध्ये कम्युनिस्ट राजवटीतल्या प्राग इथे झाविश कालांद्रा या इतिहासकार-पत्रकारावर देशद्रोहाचा खटला उभा राहिला. कालांद्रा नाझी छळछावण्यांतून जिवंत परतला होता. तीसच्या दशकात अतिवास्तववाद्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ आणि एल्युआर प्रागला गेले, तेव्हा त्यांना आपलं म्हणणाऱ्या तिथल्या थोड्या लोकांपैकी तो एक होता. ब्रेताँने एल्युआरला जाहीर पत्र लिहिलं : हा माणूस तुला आठवतो ना? त्याच्यासाठी आवाज उठव. एल्युआरचं उत्तर आलं की आपलं निरपराधित्व ओरडून सांगणाऱ्यांच्या कामातच मी इतका गुंतलो आहे की आपला गुन्हा ओरडून सांगणाऱ्यांसाठी मला वेळ नाही. कालांद्राचा कबुलीजबाब कसा मिळवला गेला होता, हे तेव्हाही समजण्यासारखं होतं. २७ जून १९५० रोजी त्याला फाशी दिली. गोरानवर रडणारा आणि कालांद्राकडे पाठ फिरवणारा कवी एकच. विषय पाहिले तर एल्युआर त्या काळातला सर्वांत बांधिलकी असलेला कवी ठरतो. मग हे मोजमाप नेमकं काय मोजतं?

हीच गोष्ट पाच वर्षं आधी बेंजामें पेरे या फ्रेंच अतिवास्तववादी कवीने लिहून ठेवली होती, आणि पेरेला पळपुटा म्हणणं कुणालाच जमणार नाही. १९३६ साली स्पेनच्या यादवी युद्धात तो फ्रँकोविरुद्ध लढायला गेला होता. मेक्सिकोत निर्वासित असताना १९४५मध्ये त्याने ‘कवींची नामुष्की’ नावाची पुस्तिका प्रसिद्ध केली. प्रतिकारलढ्यातल्या कवितांचा ‘कवींचा सन्मान’ हा संग्रह गुप्तपणे छापला गेला होता, त्याला हे उत्तर होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माणूस म्हणून लढायचं असेल तिथे लढा, पण कवितेला राष्ट्राची, पक्षाची किंवा नेत्याची आरती करू नका. आरती एकदा सुरू झाली की देव कोणता, एवढाच प्रश्न उरतो. त्या वेळी हे कठोर वाटलं, आणि गुप्तपणे कविता छापताना जीव धोक्यात घालणाऱ्यांवर त्यात थोडा अन्यायही आहे. तरी पाच वर्षांनी प्रागमध्ये जे झालं ते पाहता पेरेचा मुद्दा खोडणं मला अवघड वाटतं. याच पेरेशी आणि ब्रेताँशी इव्शिचची पुढे पॅरिसमध्ये गाठ पडणार होती.

त्याआधी १९४५. उस्ताशा गेले, टिटोचं युगोस्लाव्हिया आलं. फॅसिस्टांनी ज्याचं पुस्तक जप्त केलं होतं, त्याला नव्या राज्याने डोक्यावर घ्यायला हवं होतं. घडलं उलटं. साहित्याने पक्षाच्या ध्येयांची सेवा करावी असं सांगणाऱ्या समाजवादी वास्तववादाच्या त्या वर्षांत इव्शिचच्या लिखाणाला छापखान्यात आणि रंगमंचावर जागा मिळाली नाही. भाषांतरं तेवढी करता येत होती. एक राज्य टोकाचं उजवं, दुसरं त्याला हरवून आलेलं डावं, आणि या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत : हा माणूस उपयोगाचा नाही. यातून ‘दोन्ही राज्यं सारखीच होती’ असा निष्कर्ष कुणी काढला तर मी त्याच्याबरोबर नाही. यासेनोवाच चालवणारं राज्य आणि कविता न छापणारं राज्य यांत रक्ताचा फरक आहे. शिवाय १९४८मध्ये टिटोचं स्टालिनशी बिनसल्यावर युगोस्लाव्हियातली हवा सैल झाली. १९५२मध्ये ल्युब्ल्यानाच्या लेखक परिषदेत मिरोस्लाव कर्लेझा या ज्येष्ठ क्रोएशियन लेखकाने समाजवादी वास्तववादावर उघड हल्ला चढवला आणि अमूर्त चित्रकलेपासून नव्या संगीतापर्यंत बऱ्याच गोष्टींना दारं उघडली. हे सगळं खरं आहे. म्हणूनच इव्शिचची गोष्ट जास्त बोलकी होते. दारं उघडल्यावरही ‘तुझी कविता कोणाच्या कामाची?’ हा प्रश्न दारात उभाच होता.

इथे बेलग्रेडशी तुलना केल्याशिवाय पुढे जाववत नाही. झाग्रेबमध्ये अतिवास्तववादी गट असा कधी नव्हता, इव्शिच जवळजवळ एकटा होता. बेलग्रेडमध्ये मात्र १९३०पासून पॅरिसच्या तोडीचा गट होता. त्यातल्या काहींनी राजेशाहीच्या काळात तुरुंग भोगले. कोचा पोपोविच स्पेनमध्ये लढला, पार्टिझनांचा गाजलेला सेनानी झाला आणि १९५३ ते १९६५ युगोस्लाव्हियाचा परराष्ट्रमंत्री होता. गटाचा सिद्धांतकार मार्को रिस्तिच पॅरिसमध्ये राजदूत झाला. त्यांच्या शौर्याला मी नाव ठेवणार नाही. पण १९५४ साली याच रिस्तिचने ‘तीन मृत कवी’ नावाचा प्रबंध लिहिला. त्यातले दोन खरोखर गेलेले होते, एक एल्युआर आणि दुसरा रास्त्को पेत्रोविच. तिसरा मिलोश त्सर्न्यान्स्की लंडनमध्ये निर्वासित म्हणून जगत होता, श्वास घेत होता, लिहीत होता. राजकारण चुकलं म्हणून जिवंत कवीला मृतांच्या यादीत टाकता येतं, आणि ते टाकणारा कधीकाळी मुक्त स्वप्नाचा पुरस्कर्ता असतो. चांगल्या माणसाकडून, चांगल्या हेतूने हे घडलं, म्हणून ते मला जास्त अस्वस्थ करतं.

त्याच १९५४मध्ये झाग्रेबला ‘तांके’ हा इव्शिचचा छोटा संग्रह थोड्या प्रतींत निघाला. नावात जपानी तांका आहे, आणि क्रोएशियनमध्ये ‘तांके’ म्हणजे ‘बारीक, पातळ’ असाही अर्थ होतो. त्या वर्षी तो पॅरिसला गेला आणि तिथेच राहिला. ब्रेताँच्या गटात सामील झाला, फ्रेंचमध्ये लिहू लागला. मिरो या स्पॅनिश चित्रकाराने त्याच्या ‘मावेना’ या पुस्तकासाठी चित्र दिलं, १९६७मध्ये ‘मनोऱ्यातली विहीर’ तोयेनच्या चित्रांसह निघाली. तोयेनबद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत. नाझींच्या ताब्यातल्या प्रागमध्ये या चित्रकर्तीने यिंद्रिख हाइस्लर या ज्यू कवीला स्वतःच्या घरात लपवून ठेवलं, आणि नंतर स्टालिनवाद जवळ येताना दिसला तेव्हा १९४७मध्ये त्याच्यासह देश सोडला. तिच्या चित्रांत पक्षी, सावल्या, रिकामे झगे असतात. विषयाच्या फूटपट्टीने तीही पळपुटीच ठरेल.

आता दुसऱ्या मित्राकडे वळतो, कारण एवढं वाचून तो खूश झाला असेल. कवीने राजकारणापासून दूर राहावं, हेच सिद्ध झालं ना? नाही झालं. इव्शिच ज्या गटात गेला, तो निर्मळ सौंदर्यवाद्यांचा क्लब नव्हता. त्या गटाने १९५६मध्ये हंगेरीच्या उठावाच्या बाजूने पत्रक काढलं. १९६०मध्ये अल्जीरियातल्या युद्धात लढायला नकार देणाऱ्या फ्रेंच सैनिकांच्या हक्कासाठी जो ‘१२१ जणांचा जाहीरनामा’ निघाला, त्यावर ब्रेताँची सही होती. इव्शिचने पॅरिसमध्ये जाऊन शांत कोपरा शोधला असता तर कुणी अडवलं नसतं. त्याने हे लोक निवडले. ‘आपण बुवा राजकारणात पडत नाही’ असं म्हणणारा लेखक बहुतेक वेळा सत्तेला न दुखावण्याची व्यवस्था करत असतो, आणि त्याची पुस्तकं जप्त होत नाहीत. नार्सिसस आणि नार्सिसस यांत फरक असतो. एक आरशात बघतो कारण खिडकीतून दिसणारं त्याला नको आहे; दुसरा पाण्याच्या तळापर्यंत बघतो, आणि काठावरच्या पहारेकऱ्याला ते खपत नाही.

‘राजा गोर्दोगान’ हे त्याचं नाटक इथे माझा मुख्य साक्षीदार आहे. १९४३मध्ये, उस्ताशांच्या झाग्रेबमध्ये, बावीस वर्षांच्या इव्शिचने ते लिहिलं. त्या काळात तो ‘द्रुझिना म्लादिख’ या तरुणांच्या नाट्यमंडळीशी जोडलेला होता. नाटकाचा बाज आटपाट नगरातल्या गोष्टीचा. राजा, राजकन्या, मनोरा, अरण्य सगळं जागच्या जागी. गणवेश नाही, झेंडा नाही, देशाचं नाव नाही. आणि मध्यभागी एक राजा, ज्याला मारण्याशिवाय दुसरं राज्य करता येत नाही. फ्रेंच समीक्षक त्याची तुलना आल्फ्रेद जारीच्या १८९६च्या ‘उबू राजा’ या क्रूर, हास्यास्पद राजावरच्या फ्रेंच नाटकाशी करतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण जारीने ते शांततेच्या काळात, पॅरिसमध्ये लिहिलं. इव्शिचच्या खिडकीबाहेर खरा गोर्दोगान राज्य करत होता. त्याने पावेलिचवर नाटक लिहिलं असतं तर ते १९४५मध्ये संपलं असतं, ऐतिहासिक दस्तऐवज झालं असतं. त्याने राजांच्या मुळाशी असलेल्या राजावर लिहिलं, म्हणून पावेलिच गेल्यावरही झाग्रेबमध्ये ते वर्षानुवर्षं रंगमंचावर आलं नाही. परीकथा समजायला सोपी असते. ती सत्तेलाही समजते.

विरोधकांचे आणखी दोन आक्षेप मला रास्त वाटतात. एक : बंदी म्हणजे गुणवत्तेचा दाखला नाही. जगात पुष्कळ सामान्य पुस्तकांवर बंदी आली आहे, आणि बंदी हेच भांडवल करून जगलेले लेखकही आहेत. मान्य. इव्शिच मोठा का, याचं उत्तर जप्तीच्या पंचनाम्यात मिळणार नाही, ते ओळींतच शोधावं लागेल. मी बंदीचा दाखला देतो तो वेगळ्या कारणासाठी : ‘राजकारणाबाहेरची कविता’ असं काही असतं, हा समज ती खोडते. दोन : पॅरिसला निघून जाणं सर्वांना परवडत नाही, मागे राहिलेल्यांचं काय? हा प्रश्न मला टोचतो. मागे राहून रोज तडजोडीच्या रेषेवर चालणाऱ्या लेखकाला निर्वासिताने शिकवू नये. पण इव्शिचने तसं शिकवल्याचं मला दिसत नाही. त्याने मोजकं लिहिलं, बराच काळ अगदी छोट्या प्रकाशनांतून लिहिलं. १९६९मध्ये पॅरिसचा गट विसर्जित झाल्यावर सहचरी आणि कवयित्री आनी ल ब्रं, तोयेन आणि काही मित्रांबरोबर ‘मँतनाँ’, म्हणजे ‘आता’, या नावाने पुस्तकं काढली. गालिमारसारख्या मोठ्या प्रकाशनाने त्याच्या कविता २००४मध्ये आणि नाटकं २००५मध्ये काढली, तेव्हा तो ऐंशी पार झाला होता. कीर्तीची घाई असलेल्या माणसाचं हे चरित्र नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे खरोखर जुळतं. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये फुलं आहेत, पानगळ आहे, पावसाचे रंग आहेत. विषयाच्या मापाने ते पुस्तक स्वातंत्र्यानंतरच्या सगळ्या प्रश्नांपासून पळालेलं ठरेल. आणि आणीबाणीत, १९७५च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सत्तेच्या तोंडावर बोलल्या त्याच दुर्गाबाई. पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या त्याही त्याच. पळसाकडे इतक्या बारकाईने पाहणारी नजर आणि खोटं खपवून न घेणारी नजर वेगळ्या होत्या का? मला त्या एकच वाटतात. माझा पहिला मित्र म्हणेल, दुर्गाबाई बोलल्या तरी, इव्शिच कुठे बोलला? बरोबर आहे. १९४२च्या झाग्रेबमध्ये बोलण्याचा अर्थ वेगळा होता, एवढं सांगून मी ते सोडून देणार नाही. बोलणं हे नकारापेक्षा मोठं आहे. पण नकाराला पळ म्हणणं चूक आहे.

आणि बांधिलकीचं अगदी शेवटचं टोक याच भूमीत पाहायला मिळालं. रादोवान काराजिच. पहिलं नाव इव्शिचचंच. तो कवी होता, मुलांसाठीही त्याने कविता लिहिल्या. मनोविकारतज्ज्ञ होता, आपल्या लोकांचा आवाज होता, जनतेशी इतका बांधलेला की नव्वदच्या दशकातल्या बोस्नियाच्या युद्धात साराएवोवर तोफा डागल्या जात होत्या तेव्हा तो त्या डागणाऱ्या सर्ब बाजूचा नेता होता. २०१६मध्ये हेगच्या न्यायालयाने त्याला स्रेब्रेनित्साच्या वंशसंहारासाठी दोषी ठरवलं, २०१९मध्ये शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली. सगळ्या बांधील कवींना मी त्याच्या रांगेत उभं करत नाही, तसं करणं गोरानच्या अज्ञात कबरीचा अपमान होईल. पण कवीने आपल्या लोकांशी, आपल्या मातीशी, आपल्या काळाशी बांधून घ्यावं असं आपण सहज म्हणतो, तेव्हा हे तिन्ही शब्द कुणाच्याही हातात जाऊ शकतात हे दिसत असायला हवं. या युद्धाने युरोपातल्या विचारवंतांची कशी फसगत केली यावर आनी ल ब्रंने १९९३मध्येच, ऐन युद्धात, ‘खुनी आणि त्यांचे आरसे’ नावाचं पुस्तक लिहिलं. इव्शिचबरोबर आयुष्य काढलेल्या कवयित्रीने. स्वप्नांच्या बाजूला असलेल्या त्या घराला बाहेरची आग दिसत नव्हती, असं कोण म्हणेल?

‘राजा गोर्दोगान’ १९५६मध्ये फ्रेंच रेडिओवरून पहिल्यांदा ऐकवलं गेलं, १९६८मध्ये फ्रेंचमध्ये पुस्तकरूपाने आलं आणि झाग्रेबमध्ये रंगमंचावर आलं ते १९७९मध्ये, लिहिल्यानंतर छत्तीस वर्षांनी. त्याच वर्षी झाग्रेबच्या तरुणांनी एक नियतकालिक सुरू केलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘गोर्दोगान’.